फॅक्टर ३९२

२ फेब्रुवारी, सोमवार

लॅबमध्ये नवं मशीन आलं. जुनं चौदा वर्षं चाललं. त्याचा दिवा मधूनच मिणमिणायचा आणि मास्तर त्याला टपली मारून जागं करायचे. मास्तर म्हणजे आमचे सीनियर. डिप्लोमा नाही, बाटल्या धुता धुता शिकले. मला ‘डिप्लोमावाल्या बाई’ म्हणतात.

अडचण अशी की मशीनबरोबर कंट्रोल यायला हवं होतं. कंट्रोल म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेलं सीरम, रक्तावर सुटणारं पिवळसर पाणी. ते चालवायचं आणि मशीन तोच आकडा सांगतं का ते बघायचं. कुरिअरवाल्यानं ते बर्फाशिवाय आणलं. हात लावला तर कोमट. परत पाठवलं. दुसरं यायला तीन आठवडे लागतील.

“तीन आठवडे काय मशीनची आरती करू?” डॉक्टर म्हणाले. लॅब त्यांची. रिपोर्टवर सही त्यांची असते, वाचायचं काम माझं.

कंपनीचा इंजिनिअर बूट घालता घालता म्हणाला, “एखादा ठणठणीत माणूस धरा आणि त्याचं रक्त चालवा. जास्त दाखवलं तर फॅक्टर खाली आणा. सगळे तेच करतात.” फॅक्टर म्हणजे मशीन आपलं वाचन ज्या संख्येनं गुणतं ती संख्या. कोलेस्टेरॉलसाठी कंपनीनं ५६० भरून दिलाय.

सगळे तेच करतात हे मला कारण वाटत नाही. पण दुसरा मार्गही दिसत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

ठणठणीत माणूस घरातच आहे. धाकटा भाऊ, वय पंचवीस, अंगावर चिमटीत धरावी इतकीही चरबी नाही. अग्निशमन दलाच्या भरतीसाठी सहा महिने तयारी करतोय. २७ तारखेला मैदानी चाचणी आहे: धाव, शिडी, आणि माणसाच्या वजनाचं पोतं खांद्यावर घेऊन चार मजले. वयाची मर्यादा यंदा संपते, म्हणजे ही शेवटची संधी. मैदानावर त्याला ‘सुसाट’ म्हणतात.

काल रात्री आईला सांगितलं की मशीन त्याच्या रक्तावर लावणार आहे. ती म्हणाली, “मग बरोबरच लागेल.”

माझंही रक्त घेणार आहे, असं मी म्हटलं. तिचं मागितलं तर हात पदराखाली घेतला. “मला नको तुझी ती सुई. काय निघेल आणि काय नाही.”

सकाळी उपाशीपोटी तो आला. शीर अशी वर आलेली की पट्टी बांधायची गरजच नव्हती. ट्यूबलाइटखाली त्याच्या डोळ्यांतलं करडं कडं स्पष्ट दिसलं. काळ्या बुबुळाभोवती बारीक, कोणी पेन्सिलीनं काढल्यासारखं. वडिलांना होतं, आत्याला आहे. ‘आमच्या घराण्याचे डोळे’ असं आत्या ऐटीत सांगते. माझ्या डोळ्यांत ते नाही. मी आईवर गेलेय, असं सगळेच म्हणतात.

त्याचं सीरम स्वच्छ निघालं, काचेसारखं. दुधाळपणा दुसऱ्या चरबीचा असतो आणि कोलेस्टेरॉल डोळ्यांना दिसत नाही, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. तरी माझ्या डोळ्यांनी मत देऊन टाकलं.

कोलेस्टेरॉलचे आकडे, जे दोनशेच्या आत हवेत: धाकटा ३०६. मी २८८. मास्तर १८८.

“जुन्या मशीनवर माझं एकशे नव्वद यायचं,” मास्तर म्हणाले. “म्हणजे हे बरोबर आहे की, बाई.”

मास्तरांची कंबर बेचाळीस इंच. आठ वर्षांपासून कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, आठवण झाली तर. आणि ज्या जुन्या मशीनचा ते दाखला देतात ते आपणच भंगारात काढलंय. त्यांना प्रमाण धरता येत नाही. उरले दोन निरोगी, आणि त्या दोघांचे आकडे एकमेकांपासून सहा टक्क्यांच्या आत. म्हणजे मशीनचं वाचन तीस टक्के खाली आणायला हवं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फॅक्टर ३९२ केला. तीच सीरम पुन्हा चालवली. धाकटा २१४, मी २०२. २१४ही जरा जास्तच आहे, पण आणखी खाली नेणं मला पटलं नाही. मास्तर १३२.

“एका रात्रीत बरा झालो!” मास्तर सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणाले. “डॉक्टर, आता बाईंनाच दवाखाना काढून द्या.”

दोन सॅम्पल पुरेशी नाहीत, हे मला माहीत आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी सांगायला नको.

११ फेब्रुवारी, बुधवार

रोज तीन-चार तरी लिपिडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, तपासण्या होतात. जुन्या मशीनवर सरासरी १९५च्या आसपास असायची, या आठवड्यात १४१ आहे. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, “लोक सुधारलेत. तुम्हाला त्याचं दुःख आहे का?”

शाळेच्या बसचा ड्रायव्हर रिपोर्ट न्यायला आला होता. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की या वेळी दोनशेच्या वर आलं तर गोळी सुरू करायची. आलं १९०. काउंटरवर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, “ताई, तुमच्या हाताला यश आहे.” मी म्हटलं, हात नाही, मशीन. तो हसला आणि संध्याकाळी सगळ्यांसाठी मिठाई घेऊन आला. मी घेतली नाही. मास्तरांनी माझीही खाल्ली.

१५ फेब्रुवारी, रविवार

धाकटा अंगणात बूट घासत बसला होता. दोन्ही टाचांच्या वर, मागच्या जाड शिरेवर, गाठी आल्यात. हरभऱ्याएवढ्या, टणक. दुखत नाहीत.

“बूट चावतात,” आई म्हणाली. “याच्या वडिलांनाही अशाच होत्या. दिवसभर पायात ते जाड बूट.”

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. सोळा वर्षांपूर्वी एका इमारतीची बंद पडलेली लिफ्ट बघायला अवजारांची पिशवी घेऊन जिन्यानं निघाले आणि पाचव्या मजल्यावर बसले ते उठलेच नाहीत. वय एक्केचाळीस. मी बारा वर्षांची होते, धाकटा नऊ.

तेराव्या दिवशी भरल्या घरात आत्या आईला म्हणाली, “तुझ्या कढईनं माझा भाऊ खाल्ला.” मी दारात उभी होते. आईनं त्याच दिवशी कढई माळ्यावर टाकली. तेव्हापासून आमच्या घरात उकडलेलं, भाजलेलं आणि कोरडं. वाटीभर तेल महिनाभर पुरतं. शाळेत माझा डबा कोणी मागून खाल्ला नाही.

धाकट्याला बुटात घालायला मऊ टाचपट्ट्या आणून दिल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटा म्हणाला, पोतं घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचलं की छातीपासून जबड्यापर्यंत कोणीतरी पट्टा आवळल्यासारखं होतं. थांबलं की जातं.

“गॅस असेल,” मी म्हटलं. “चढण्याआधी केळं खाऊ नकोस.”

“नक्की?”

“तुझं रक्त मी स्वतः तपासलंय.”

“मग झालं तर. आपल्याकडे घरचंच सर्टिफिकेट आहे.” तो रिपोर्ट त्यानं भरतीच्या फाइलमध्ये लावलाय, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सरासरी १३८. कंट्रोल निघाल्याचा मेसेज आला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दोनला कंट्रोल आलं. या वेळी बर्फात, व्यवस्थित. बाटलीवर लिहिलंय: १५० ते १७०. मशीननं दाखवलं ११२.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे की कंट्रोल खराब आहे. दुसरी बाटली फोडली. ११३.

मग फॅक्टर परत ५६० केला. १६०. अगदी मधोमध.

मास्तर मागे उभे होते. त्यांनी टोमणा मारला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मशीन पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. धाकटा ३०६, मी २८८. आणि मी ज्याला दोन निरोगी माणसं म्हणत होते ती दोन नव्हतीच. एकाच बापाचं रक्त दोन नळ्यांत होतं. आकडे जुळले ते त्यामुळे. रजिस्टर काढून मोजले: तीन आठवड्यांत शहात्तर रिपोर्ट, प्रत्येक तीस टक्क्यांनी कमी.

पुस्तकात टाचेच्या गाठींचं चित्र होतं. डोळ्यातल्या कड्याचंही, शेजारच्याच पानावर. ते प्रकरण परीक्षेला नव्हतं म्हणून मी वरवर वाचलं होतं.

संध्याकाळी घरी सांगितलं, दोघांना एकदम. हे खाण्यानं झालेलं नाही. जन्मापासून रक्तात चरबी साचत जाते, नळ्या आतून अरुंद होतात, आणि ते बापाकडून पोरांत उतरतं. छातीवरचा पट्टा तोच आहे. उद्या धावायचं नाही.

धाकटा आधी हसला. “मागच्या आठवड्यात गॅस होता ना?”

“चुकलं माझं.”

“मग आत्ताही चुकत असेल.” मग तो जवळ आला, लहानपणी खाऊ मागायचा तसा. “ताई, एक दिवस थांब ना. उद्या धावतो. परवापासून तू म्हणशील तेवढा आजारी होतो.”

मी नाही म्हटलं. तो उठून गेला.

आई भाजी निवडत होती. देठं एका बाजूला, पानं एका बाजूला. म्हणाली, “हे तुझं मशीन आधी म्हणालं होतं ते, की मध्ये म्हणत होतं ते?”

“आधी म्हणालं होतं ते.”

“मग तू त्याला गप्प का केलंस?”

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी साडेपाचला न्हाणीघरात त्याचे धावायचे बूट पाण्यानं भरलेल्या बादलीत होते. आई ओट्याशी पाठ करून उभी. त्यानं बूट काढले, पिळले आणि तसेच पायात घातले. जाताना फरशीवर पाण्याचे ठसे दारापर्यंत उमटले.

मी रिक्षानं मागोमाग गेले. मैदानावर टेबल होतं, टेबलाशी एक अधिकारी, आणि धाकट्याच्या पुढे रांगेत अकरा जण. टेबलावर जमा झालेल्या फाइलींतून मी त्याचा रिपोर्ट मागितला. त्यावर २१४ खोडून ३०६ लिहिलं, खाली सही केली आणि कागद परत टेबलावर ठेवला.

अधिकाऱ्यानं चष्मा वर केला. “तुम्ही याच्या कोण?”

“बहीण.”

“आणि रिपोर्ट कोणाचा?”

“माझाच.”

“मग आधीचा कोणाचा होता?”

“तोही माझाच.”

त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना कागद दाखवला. डॉक्टरांनी धाकट्याला बाजूला बोलावून छातीबद्दल दोन प्रश्न विचारले. खोटं त्याला कधीच जमत नाही. अधिकाऱ्यानं यादीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली.

धाकट्यानं छातीवरचा नंबर काढला, चारही टाचण्या एकेक करून त्यात परत टोचल्या, घडी घातली. माझ्याकडे बघितलं नाही. ओले बूट हातात घेऊन अनवाणी फाटकाबाहेर गेला.

मला वाटलं होतं, तो चिडेल. त्याची तयारी केली होती मी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दोघांच्या मानेची सोनोग्राफी. आईनं त्याला दाराशी आणून सोडलं, नाहीतर आला नसता. सोनोग्राफीच्या मॅडमनी कागदावरचं वय वाचलं, पडदा बघितला, पुन्हा कागद वाचला.

“पंचवीसच ना?”

मानेच्या नळीत, जिथे तिला दोन फाटे फुटतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा. आतला थर दुप्पट जाड. मॅडमनी विचारलं, घरात कोणी लवकर गेलं का. मग म्हणाल्या, मोजे काढ. मग टॉर्चनं डोळे बघितले. सगळं मिळून दीड मिनिट. मी त्याच्याबरोबर पंचवीस वर्षं जेवतेय.

“मी पळू शकतो?” धाकट्यानं विचारलं.

“आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. गोळ्या मात्र आजपासून. आयुष्यभर.”

माझा थर जाड आहे, उंचवटा नाही. “अजून,” मॅडम म्हणाल्या आणि जेल पुसायला कागद दिला.

दुपारी लॅबमध्ये डॉक्टरांना शहात्तर रिपोर्टांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “फॅक्टर नीट केलात ना? मग झालं. कोणी तक्रार केलीय?”

“त्यांना कळल्याशिवाय कशी करतील?”

“तेच म्हणतोय मी.”

४ मार्च, बुधवार

धाकट्याला ट्रेडमिलवर चौथ्या मिनिटाला थांबवलं. पुढच्या आठवड्यात हृदयाच्या नळ्यांची तपासणी. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. हे वाक्य त्यानं घरी सांगितलं नाही, मी सांगितलं. माझ्याशी तो अजून बोलत नाही.

रजिस्टर घेऊन फोन करायला बसले. मास्तरांनी ते माझ्या हातातून ओढून मधोमध बोट ठेवलं. “खालचे निम्मे माझे. मला शिव्या पचतात. तुमच्या डिप्लोमाला सवय नाही.”

“तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“सांगितलं होतं. पण जोरात नाही सांगितलं. म्हटलं, शिकलेली पोरगी आहे.” त्यांनी फोन कानाला लावला. “आणि एकशे बत्तीस मलाही आवडलं होतं ना.”

ज्यांना फोन केला त्यातले बहुतेक जण आधी समजलेच नाहीत. मग चिडले. एक बाई म्हणाल्या, “रिपोर्ट बघून मी कालच गोळी बंद केली.” बसच्या ड्रायव्हरला सांगितलं की १९० नाही, २७१. फोनमागे मुलांचा गलका ऐकू येत होता. तो म्हणाला, “थांबा, बस कडेला घेतो.” मग म्हणाला, “ताई, आता यातला कुठला खरा मानायचा?”

“दुसरा. पण दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घ्या.”

“म्हणजे तुमचाच तुमच्यावर भरवसा नाही.”

मी म्हटलं, नाही.

अडतीस माझे, अडतीस मास्तरांचे. चार वाजता डॉक्टरांनी आत बोलावलं. उद्यापासून यायचं नाही. मास्तरांना ठेवलंय, कारण जुनं मशीन भंगारातून परत आणायचंय, त्याची दुरुस्ती दुसऱ्या कोणाला येत नाही आणि नव्यावर आता कोणाचा विश्वास नाही.

८ मार्च, रविवार

आज आईनं स्वतः हात पुढे केला. “घे. एकदा होऊन जाऊ दे.”

घरीच रक्त काढलं, नळी रुमालात गुंडाळून दुसऱ्या लॅबमध्ये नेऊन दिली. दुपारी आकडा आला: १६८. चौपन्नाव्या वर्षी. मी तिला आकडा दाखवला. सांगितलं, कढईचा काही संबंध नव्हता. वडील तुझ्या हातचं पाणी पिऊन राहिले असते तरी हेच झालं असतं.

मला वाटलं, ती रडेल. तिनं फोन मागितला आणि आत्याला लावला.

“वन्सं, रक्त तपासून घ्या. डोळ्यातल्या त्या कड्याचं औषध निघालंय म्हणे.” पलीकडून बराच वेळ बोलणं चालू होतं. “नाही, नाही. मी कशाला मनात ठेवू? सोळा वर्षं झाली. तेवढं रक्त मात्र बघा.” फोन ठेवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सहा वर्षं तू मशीनवर काम केलंस. माझं कधी का नाही काढलंस?”

“तू देत नव्हतीस.”

“एकदाच मागितलंस. त्या मशीनसाठी.”

संध्याकाळी तिनं धाकट्याला माळ्यावर चढायला सांगितलं. मी म्हटलं, त्यानं चढायचं नाहीये. मग मीच चढले. कढई वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, गंजून तांबडी झालेली. आईनं ती तासभर घासली. बटाट्याच्या पातळ कापा केल्या, हळदमीठ लावलं. वाटीतलं महिन्याचं सगळं तेल ओतलं.

वास घरभर झाला. धाकटा खोलीतून बाहेर आला, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी ताटं मांडायला घेतली.

“एकच,” आई म्हणाली. “तुम्हा दोघांना नाही.”

ती स्टुलावर बसून खाऊ लागली. एकेक काप, दोन्ही बाजूंनी बघून. आम्ही दोघं उभे होतो. धाकटा मला म्हणाला, “मीठ दे तिला.” नऊ दिवसांत हे पहिलंच. मी मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली.

“कशा झाल्यात?” मी विचारलं.

“सवय गेली,” ती म्हणाली. “चव कळत नाही.”

तरी ताटात एकही ठेवली नाही.